न फाटणारा नकाशा

८ ऑक्टोबर, मंगळवार

लॅमिनेशनचं मशीन आलं एकदाचं. टेम्पोवाला म्हणे, नांदे गावाच्या कमानीशीच उतरवतो. मी म्हटलं, बाबा रे, हे धूड मी काय डोक्यावरून नेऊ? मग मुकाट्याने दुकानाच्या दारापर्यंत आणलं.

आजवर मी बांधकामाचे नकाशे नुसते छापून देत होते. लोक गुंडाळी करून साइटवर न्यायचे आणि पंधरवड्यात तोच नकाशा परत छापायला यायचे. कुणाचा पाण्यात भिजला, कुणाचा सिमेंटच्या हाताने फाटला, सूसच्या एका साइटवर तर शेळीने खाल्ला. आता पूर्ण मोठा कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये बंद होणार. कडेला बोटभर प्लास्टिक सोडलं की पाणी शिरायला वाव नाही.

इम्रान, माझा धाकटा भाऊ, मशीनभोवती फेरी मारून म्हणाला, "आपा, लोकांचे नकाशे फाटत्यात म्हणून तर आपलं दुकान चालतंय. आन् तू ते टिकवाय निघालीस!" त्याला म्हटलं, तू तुझी घरं बांध, दुकान मला कळतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

मशीनवरचा पहिला नकाशा घरच्याच कामाचा केला. कुशाबांच्या नव्या घराचा. आमच्या दुकानाचा गाळा त्यांचाच. बाजूची जमीन त्यांनी बिल्डरला दिली आणि उरलेल्या तुकड्यावर स्वतःसाठी घर बांधायला काढलंय. काम दिलं इम्रानला. इतकी वर्षं हा दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर होता, स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलं घर.

नकाशा सूसच्या कौस्तुभ नावाच्या आर्किटेक्टचा. जागा अर्धी मातीची, अर्धी कातळाची. म्हणून पुढचा हॉल, स्वयंपाकघर आणि देवघर खाली, आणि मागची निजायची खोली व मोरी दोन पायऱ्या वर. कातळ फोडायचा खर्च वाचतो. हुशार माणूस आहे.

प्लास्टिकमध्ये बंद होऊन नकाशा बाहेर आला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. रेषा न् रेषा झळकत होती. अब्बा असते तर त्यांना दाखवला असता.

२० ऑक्टोबर, रविवार

नकाशा साइटवर लावून आले. घडी घालायची नाही, म्हणून प्लायच्या फळीवर चारही कोपरे स्क्रूने आवळले. इम्रानचा गवंडी एकनाथ सिमेंटचे हात पंचाला पुसत लांबूनच बघत होता. मी त्याचे हात मुद्दाम नकाशावर टेकवले, मग ओल्या फडक्याने पुसून दाखवलं. कोरा करकरीत!

"आता कागदाच्या चिटोऱ्यांवर विसंबायचं नाही," मी त्याला बजावलं. "प्लास्टिकमधला तो खरा. काही अडलं की हाच बघायचा."

"व्हय ताई, ह्यो लईच झाक हाय," एकनाथ म्हणाला.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सणात वाईट झालं. जयाकाकूंना, म्हणजे कुशाबांच्या मंडळींना, भाऊबीजेच्या सकाळी लकवा मारला. उजवी बाजू गेली. पिरंगुटच्या दवाखान्यात आहेत. अम्मी गेली तेव्हा मला दुकानात एकटीला बसवेना, तर सोबतीला ह्याच काकू येऊन बसायच्या. चहा माझा पण गप्पा त्यांच्या. आज नुसतं काचेतून बघून आले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जयाकाकू घरी आल्या. वाचा शाबूत आहे, डावा हात चांगला चालतो. पण उभं राहता येत नाही, आणि येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. चाकाची खुर्ची आणली आहे. ती एका हाताने फिरवायलासुद्धा शिकल्या, बाई जिद्दीची. पण जुन्या घराची मोरी अंगणात. दर वेळी कुशाबा त्यांना उचलून नेतात. लेक सांगलीला दिलेली, तिचं तिथं घरदार.

कुशाबा बाहेर गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "आसमा, मला काय बी नको. नव्या घरात निस्तं माझं मला मोरीत जाता आलं पायजे. ह्यो म्हातारा मला लेकरावानी उचलतो आन् मी डोळं मिटून घेते. लाज वाटती गं."

म्हटलं, काकू, इम्रान बांधतोय ना, होईल सगळं तुमच्या मनासारखं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कौस्तुभनी सुधारलेला नकाशा पाठवला. आता सगळं घर एका पातळीत. पायऱ्या काढल्या, कातळ फोडायचा, मोरीचं दार रुंद. फोनवर म्हणाले, "आसमा मॅडम, जुना नकाशा आठवणीने रद्द करा. सगळा बदल लेव्हलचा आहे, चुकून चालणार नाही." जसं काही मला माहीत नाही! जुना द्या, नवा घ्या, हा माझ्या दुकानाचा नियमच आहे. जुन्याचा नावाचा कोपरा कापते आणि कागद अंगणवाडीत देते, पोरं मागच्या बाजूला चित्रं काढतात.

नवा सध्या साध्या कागदावर छापला, प्लास्टिकचा रोल संपलाय. पुण्याहून आला की हाही करू.

इम्रान जुना फळीसकट घेऊन आला, काप म्हणाला. माझा हात होईना. एक तर पहिला, त्यात परवा घोटावड्याचे तीन कॉन्ट्रॅक्टर खास तो बघायला येणार आहेत. म्हटलं, नमुना म्हणून राहू दे साइटवरच्या शेडमध्ये. "मग मी फुली मारतो," असं म्हणून त्याने लाल मार्करने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली ओढली. पोटच्या पोराच्या तोंडाला काळं फासल्यासारखं झालं मला. पण त्याचंही बरोबर आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिवस सोन्याचा गेला. कॉन्ट्रॅक्टर आले, कुशाबांच्या साइटवर नेऊन नकाशा दाखवला. वरून तांब्याभर पाणी ओतलं. त्यातला एक जाडजूड शंकेखोर, म्हणे, पाण्याचं ठीक हाय, पण साइटवर पोरं पेनानं काय बी खरडत्यात त्याचं काय? मी म्हटलं, बघा. फडकं ओलं केलं आणि इम्रानची ती लालभडक फुली त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून काढली. डागसुद्धा राहिला नाही. तिघंही बघत राहिले. तिथल्या तिथे कामं दिली.

आणि दुकानात परतलो तर इम्रान आला होता, त्याला त्या जाड्याने घोटावड्याच्या एका कारखान्याच्या कंपाउंडचं काम देऊ केलं. सोमवारपासून सुरू. इम्रान जरा चाचरत होता, इथलं जोतं आत्ताच धरायचंय म्हणाला. मी म्हटलं, एकनाथ आहे की, संध्याकाळी चक्कर टाकत जा. लक्ष्मी दारात आली असताना आपण तोंड धुवायला जायचं का?

१६ डिसेंबर, सोमवार

कामाचा रेटा आहे, लिहायला फुरसत नाही. जोतं झालं म्हणे. इम्रान अंधार पडल्यावर साइटवर जातो, वाळू-सिमेंटचा हिशेब बघतो आणि येऊन झोपतो. वाळलाय.

कुशाबांचा नवा नकाशा प्लास्टिकमध्ये करायचा राहिलाच आहे. गिऱ्हाइकांचे आधी उरकते, घरचं काय कधीही होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कुशाबांच्या घराचा स्लॅब ओतून झाला. आधी कौस्तुभ वर चढून सळया तपासून गेले. स्लॅबखाली लाकडी टेकूंची इतकी गर्दी की आत मांजरसुद्धा शिरणार नाही. पेढे वाटले. जयाकाकूंनी दोन खाल्ले.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे कसं लिहू कळत नाही.

टेकू काढून झाले, आतली जागा झाडून घेतली, म्हणून कुशाबा हौसेने काकूंना घर दाखवायला घेऊन आले. मलाही बोलावलं. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. हॉलमध्ये आल्यावर म्हणाल्या, "आता सोडा. माझी मी जाते." एका हाताने चाक फिरवत निघाल्या. हॉल ओलांडला, आतल्या बोळात वळल्या आणि खुर्ची थांबली.

समोर दोन पायऱ्या.

काकूंना वाटलं असेल बांधकामाचं काही पडलंय. वाकून डाव्या हाताने चाचपून बघितलं. मग मान वळवून विचारलं, "ह्या कुनासाठी?"

कुशाबांनी इम्रानकडे बघितलं. इम्रान पायऱ्यांकडे बघत होता. त्याचा चेहरा असा मी अम्मीच्या वेळीही पाहिला नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कौस्तुभ आणि त्यांचे इंजिनिअर येऊन गेले. मागचं सगळं जोतं एक फूट वर आहे. घर जुन्या नकाशाप्रमाणे बांधलंय, इंचाचाही फरक नाही. आता कातळ फोडता येत नाही, कारण खांब त्याच कातळावर उभे आहेत, ब्रेकर लावला तर घर हादरेल. उतार करावा तर बोळ जेमतेम सहा फुटांचा. एक फूट चढायला दुप्पट लांबी हवी, नाहीतर चढ इतका उभा होतो की एका हाताने कुणी चढू शकत नाही. पुढच्या अंगाला मोरी काढू म्हटलं, तर तिथे देवघराची भिंत. काकूच नको म्हणाल्या.

कौस्तुभनी विचारलं, चुकीचा नकाशा वापरला कुणी? इम्रान म्हणाला, "साइट माझी, चूक माझी." कुशाबा म्हणाले, "मी तुला पोरगा समजून काम दिलं रं." एवढंच. हिशेब पुरा करून उद्यापासून येऊ नको म्हणाले. बाकीचं काम दुसरा करेल.

घरी आल्यावर मी इम्रानला ताडताड बोलले. जोतं भरताना तू कुठे होतास, डोळे कुठे होते, कागद हातात होता ना? दोन महिने माणूस घराच्या आत पाऊल टाकत नाही म्हणजे काय? तो जेवला नाही. एका शब्दाने बोलला नाही, त्याचा मला जास्तच राग आला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एकनाथला गाठलं. म्हटलं, शहाण्या, नवा नकाशा आलाय हे तुला सांगितलं नव्हतं?

"सांगितलं व्हतं की ताई. इम्रानभाई म्हनले, नवा नकाशा शेडात ठेवलाय, त्यो बघून कर. शेडात दोन व्हते. एक मळका कागद आन् एक चकाचक प्लास्टिकचा. मी म्हनलं, नवा म्हंजी ह्योच आसणार."

"अरे, त्याच्यावर एवढी मोठी लाल फुली होती!"

"फुली? न्हाई बा. काय बी नव्हतं."

खोटारडा. गळ्याशी आलं की सगळे हात झटकतात. इम्रान ह्याच्यावर विसंबला तिथेच चुकला.

६ मार्च, गुरुवार

रोजे सुरू झाले. मन लागत नाही. बाहेर जाताना कुशाबांच्या दारावरून जावं लागतं, म्हणून मी मागच्या गल्लीने जाते. त्यांनी गाळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज दुपारी हिंजवडीचा एक साइट इंजिनिअर आला होता. प्लास्टिकचा फायदा काय, विचारत होता. माझं पाठ झालंय आता. मार्कर घेतला, नमुन्यावर रेघ मारली, ओलं फडकं फिरवलं, म्हटलं, बघा, डागसुद्धा...

फडक्याला लाल लागलं होतं. तो माणूस म्हणाला, मॅडम, बरं वाटत नाही का? मी त्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर खाली ओढलं.

एकनाथ खोटं बोलत नव्हता. फुली नव्हतीच तिथे. मीच पुसली. टाळ्या घ्यायला पुसली, आणि नकाशा तिथेच लटकवून घरी आले. प्लास्टिकमधला तो खरा, हेही मीच त्याला शिकवलं होतं. इम्रानला घोटावड्याला मीच पिटाळलं. आणि महिनाभर त्याच्यावरच तोंड सोडत होते. या अल्लाह.

इफ्तारनंतर इम्रानला सांगितलं. तो खजुराची बी बोटांत फिरवत बसला होता.

"ठावं हाय, आपा."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पायऱ्या दिसल्यावर शेडात जाऊन बघितला ना मी नकाशा. फुली मी मारली व्हती, एकनाथ ती कशाला पुसंल? फडकं तुझ्याच हातात असतंय."

"मग बोलला का नाहीस? मी तुला इतकं..."

"तुझं नाव निघालं असतं तर ते परत तुझ्या तोंडाकडं बघतील का? गाळा त्यांचा हाय. आन् मी आत जाऊन बघायला पायजे व्हतं, ते मी बघितलं न्हाई. ते खोटं न्हाई काय."

मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. तो उठून नमाजला गेला.

३१ मार्च, सोमवार

ईद. दरवर्षी शिरखुर्म्याचा पहिला डबा जयाकाकूंना जातो. यंदाही भरला. त्यांच्या फाटकापर्यंत गेले. आत काकू ओट्यावर खुर्चीत बसलेल्या दिसल्या, पाठमोऱ्या. डबा घेऊन परत आले. माझ्यासारखी भित्री मीच.

इम्रान परत सुपरवायझरच्या नोकरीला लागला, नांद्याच्या बाहेर. कुशाबांचं घर हेच त्याचं स्वतःचं पहिलं आणि शेवटचं काम ठरलं असं आज अचानक म्हणाला आणि हसला. ते हसू मला अजून दिसतंय.

१४ एप्रिल, सोमवार

नव्या कॉन्ट्रॅक्टरने पायऱ्या फोडून बोळात उतार केला. जसा इंजिनिअर म्हणाले होते तसाच, उभा. मागून कुणी ढकललं तरच खुर्ची वर जाते. काकूंनी तीनदा एकटीने करून बघितलं म्हणे. तिसऱ्यांदा खुर्ची मागे घसरली आणि भिंतीला आदळली. मग त्यांनी नाद सोडला.

मी ठरवते, उद्या जाऊन सांगेन. उद्या कुणीतरी गिऱ्हाईक येतं.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. कुशाबांची वास्तुशांत. आम्हाला बोलावणं होतं, इम्रानलासुद्धा. तो आला नाही. मी गेले.

घर माणसांनी भरलं होतं. कुशाबा पूजेला बसलेले, शेजारी खुर्चीत जयाकाकू, हिरवं काठाचं पातळ, नाकात नथ. मी मागे बायकांत उभी होते. थोड्या वेळाने काकूंची नजर इकडेतिकडे फिरायला लागली. एकदा कुशाबांकडे बघितलं, पण त्यांच्या हातात दर्भ, समोर भटजी. मग त्यांना मी दिसले. त्यांनी नुसती मान हलवली. मला कळलं.

गर्दीतून खुर्ची काढली. बोळात आल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून चढावर ढकलली. काकू वजनाला काही जास्त नाहीत, तरी मला धाप लागली. दारात म्हणाल्या, "आता भायेर ऱ्हा. आत माझं मी बघते." मोरीच्या आत सगळीकडे धरायला दांडे आहेत, ते कौस्तुभनी कसोशीने बसवून घेतलेत. आत त्यांना कुणाची गरज पडत नाही. गरज पडते ती फक्त ह्या सहा फुटांना.

दार बंद झालं. मंत्र ऐकू येत होते. मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "काकू, इम्रानची चूक नव्हती. रद्द नकाशावरची खूण मी पुसली. लोकांना तमाशा दाखवायला. एकनाथला तोच खरा असं मीच सांगितलं होतं. इम्रानने माझ्यासाठी ऐकून घेतलं."

मंत्रांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, कळेना. मी परत सांगणार होते, तेवढ्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

दार उघडलं. काकूंचे डोळे कोरडे होते. "हळू सोड," म्हणाल्या. उतारावर खुर्ची मी पोटाशी धरून मागे मागे उतरवली. खाली आल्यावर त्यांनी चाक डाव्या हाताने दाबून धरलं.

"माफ करा म्हणू नगंस. मला ते आत्ता जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "दुपारची येत जा. हे वरच्या रानात असत्यात. घरात कुनी नसतं."

"येते," मी म्हटलं.

"आन् त्या पोराला घिऊन ये येकदा. त्या दिशी तू गेल्यावर लई बोलले मी त्याला."

मग पदर सारखा केला आणि मला खुर्ची परत पूजेकडे न्यायला सांगितलं.

२ मे, शुक्रवार

काल वेळेवर गेले. काम झालं, आले.

आज दुपारी निघतच होते तर एक सुपरवायझर मोटारसायकलवरून उतरला. स्लॅबचा नकाशा, आत्ताच्या आत्ता पाहिजे, प्लास्टिकमध्ये, माणसं थांबलीत म्हणे. मी म्हटलं, पटकन करून देते आणि जाते. मशीन तापायला वेळ लागला. मग कडा कापल्या. मग त्याने दुसरा काढला.

पोचले तेव्हा काकूंची खुर्ची बोळात होती, चढावर अर्ध्यात तिरकी होऊन भिंतीला टेकलेली. चाक त्यांनी डाव्या हाताने गच्च धरून ठेवलं होतं, घसरू नये म्हणून. पातळ ओलं झालं होतं आणि खालची नवी फरशीही. किती वेळ तशा होत्या, मी विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मी खुर्ची वर नेली. त्यांना आंघोळ घातली. फरशी पुसली, पातळ धुतलं आणि कुशाबा यायच्या आत वाळावं म्हणून मागच्या अंगणात उन्हात घातलं. सगळं होईपर्यंत काकूंनी डोळे उघडले नाहीत.